ईएन 24 घेतलं, पुढे काय?

गेल्या वेळी निकेल-क्रोम-मॉली (मॉली म्हणजे मॉलिब्डेनम) पोलादांवर लिहिलं आणि प्रश्नांचा ढीग लागला. निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच मालाबद्दल आहेत. कुणी त्याला ब्रिटिश पद्धतीने ईएन 24 म्हणतं, कुणी अमेरिकी पद्धतीने 4340. त्यातले आठ निवडले आहेत. काहींनी तुटलेल्या भागांचे फोटो पाठवले, ते फार उपयोगी पडले. पुढच्या वेळी फोटोत शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे मापाचा अंदाज येईल.

ड्रॉइंगवर 4340 लिहिलं आहे. माझ्याकडे ईएन 24 टी चा बार पडून आहे. तो वापरला तर चालेल का?

बहुतेक वेळा चालतो, पण ड्रॉइंग ज्याचं आहे त्याला विचारूनच वापरा. 4340 मध्ये कार्बन 0.38 ते 0.43 टक्के, निकेल 1.65 ते 2.00, क्रोमियम 0.70 ते 0.90 आणि मॉलिब्डेनम 0.20 ते 0.30 टक्के असतं. ईएन 24 मध्ये कार्बन 0.36 ते 0.44, निकेल 1.30 ते 1.70, क्रोमियम 1.00 ते 1.40. म्हणजे अमेरिकी मालात निकेल थोडं जास्त, ब्रिटिश मालात क्रोम थोडं जास्त. सख्खी भावंडं नव्हेत, चुलत आहेत. 817एम40 हे याच ईएन 24 चं नंतरचं ब्रिटिश नाव, आणि 1.6582 नंबरचं युरोपीय पोलादही याच घराण्यातलं, फक्त त्यात कार्बन जरा कमी.

तुमच्या पत्रातलं खरं महत्त्वाचं अक्षर मात्र शेवटचं आहे, तो 'टी'. तो पोलादाची जात सांगत नाही, त्याची अवस्था सांगतो. माल हार्ड (तापवून झटकन गार करून कठीण) आणि टेंपर (पुन्हा कमी तापमानाला तापवून चिवट) करून दिला आहे, ताकद 850 ते 1000 मेगापास्कल आणि हार्डनेस, म्हणजे कठीणपणा, ब्रिनेल मापात 248 ते 302, एवढा अर्थ त्या एका अक्षरात आहे. टी च्या पुढे यू, व्ही, डब्ल्यू अशी चढती भांजणी आहे आणि झेड अवस्थेला किमान 1550 मेगापास्कल लागतात. तोच बार, तीच रासायनिक घडण, तरी ताकद जवळजवळ दुप्पट. तेव्हा ड्रॉइंगवर 4340 च्या पुढे किती हार्डनेस मागितला आहे ते आधी वाचा. तिथे काहीच लिहिलेलं नसेल, तर ते ड्रॉइंग अर्धवट आहे.

आमच्या मशिनचा लांब शाफ्ट माइल्ड स्टीलचा होता. मधे वाकायचा, गिअर कुरकुरायचे. म्हणून महागाचं ईएन 24 घेतलं. तरी तेवढाच वाकतो! माल खोटा आहे का?

माल खरा असावा. फसवणूक झालीच असेल तर ती 'मजबूत' या शब्दाने केली आहे. मराठीत आपण न तुटणाऱ्यालाही मजबूत म्हणतो आणि न वाकणाऱ्यालाही. पोलादात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भार असताना शाफ्ट किती लवतो आणि भार काढल्यावर परत सरळ होतो, हे यंग्ज मॉड्युलसवर ठरतं. माइल्ड स्टील घ्या, ईएन 24 घ्या, विमानाच्या पायाचं पोलाद घ्या, तो सगळीकडे 205 ते 210 गिगापास्कलच्या आसपास असतो. हार्ड केल्यानेही त्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. ईएन 24 मुळे एवढंच झालं की शाफ्ट कायमचा वाकडा व्हायला आता कितीतरी जास्त भार लागेल.

लवणं कमी करायचं असेल तर व्यास वाढवा. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: व्यास 10 टक्के वाढवला की ताठपणा 46 टक्के वाढतो. नाहीतर दोन बेअरिंगमधलं अंतर कमी करा. आणि हे केल्यावर माइल्ड स्टीलही पुरेल असं हिशेबात निघालं, तर खुशाल तेच वापरा.

ईएन 8 (साधं कार्बन पोलाद) च्या 80 मिमीच्या पिना पाण्यात हार्ड केल्या. वर हार्डनेस 52 एचआरसी (रॉकवेल सी माप) आला, पण कापून बघितलं तर मधे 22. ईएन 24 च्या त्याच मापाच्या पिना नुसत्या तेलात बुडवल्या तरी मधपर्यंत 50 च्या जवळ. कार्बन दोन्हीत 0.40 च्या आसपासच आहे. मग असं का?

पिन कापून बघितलीत, याबद्दल शाबासकी. पुष्कळ लोक वरचा हार्डनेस बघून सर्टिफिकेट फाइलला लावतात.

जास्तीत जास्त किती हार्डनेस येणार हे कार्बन ठरवतो. तो किती खोलवर जाणार हे निकेल, क्रोम, मॉली ठरवतात. 0.40 टक्के कार्बन म्हटलं की वरचं टोक पंचावन्न-अठ्ठावन्नच्या घरात, मग पोलाद कुठलंही असो.

भट्टीतून पिन लालभडक बाहेर येते तेव्हा आतला कार्बन लोखंडाच्या जाळीत विरघळलेला असतो. गार होताना त्याला दोन वाटा असतात. वेळ मिळाला तर तो जागा शोधून बाजूला होतो, थराथराने बसतो आणि पर्लाइट नावाची मऊ रचना तयार होते. वेळच मिळाला नाही तर तो जाळीतच अडकतो, जाळी ताणली जाते आणि कठीण मार्टेन्साइट बनतं. साध्या कार्बन पोलादात ही पळापळ इतकी झटपट उरकते की जेमतेम सेकंदभराची सवड मिळते. पिनेच्या पृष्ठभागाला पाणी टेकलेलं असतं, तिथे सेकंदात काम होतं. पण 40 मिमी आतली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो, तोवर तिथला कार्बन केव्हाच बाजूला होऊन बसलेला असतो. निकेल, क्रोम आणि मॉली त्याच्या पायात घोटाळतात, त्याची हालचाल मंदावतात. म्हणून तेलाच्या सावकाश थंडीतही गाभा कठीण होतो.

हे मोजायची जॉमिनी चाचणी एखाद्या प्रयोगशाळेत मुद्दाम जाऊन बघा. 25 मिमी व्यासाची, 100 मिमी लांबीची कांडी तापवून उभी टांगतात आणि फक्त खालच्या टोकावर पाण्याचा फवारा सोडतात. मग तिच्या अंगावर टोकापासून दर दीड मिलिमीटरला हार्डनेस घेत वर जायचं. ईएन 8 सारख्या पोलादात आकडा सेंटीमीटरभरात घसरून तिशीच्या आसपास येतो. 4340 मध्ये बोटभर वर गेलं तरी तो फारसा उतरत नाही. एका कांडीवर सगळी कहाणी.

खोलवर हार्ड होणाऱ्या मालाची एक खोडही आहे. मार्टेन्साइट होताना पोलाद फुगतं. बाहेरचा भाग आधी कडक होऊन बसतो आणि गाभा मागाहून फुगून त्याला आतून रेटतो. म्हणून ईएन 24 पाण्यात टाकू नका, आणि तेलातून काढलेला भाग टेंपर न करता रात्रभर ठेवू नका. उमेदवारीच्या काळात मी हे स्वतः केलं आहे. संध्याकाळी भट्टी बंद करायची घाई होती, टेंपरिंग सकाळी करू म्हणून भाग टोपलीत ठेवले. निघताना मागून 'टिक्' असा बारीक आवाज आला. भाग निवताना असे आवाज येतातच असं स्वतःला समजावलं. सकाळी अकरांपैकी तीन पिनांवर केसासारखी उभी रेघ होती. भाग हात लावता येईल न येईल इतका गरम असतानाच टेंपरिंगच्या भट्टीत गेला पाहिजे.

ग्राहकाला 4340 मध्ये 48 एचआरसीच हवा आहे. चार्टप्रमाणे 315 अंशांवर टेंपर केलं की मिळतो. पण हीट ट्रीटमेंटवाले नको म्हणतात. ते काम टाळताहेत का?

त्यांचं ऐका. चार्ट खरा आहे, पण तो फक्त हार्डनेस सांगतो. 4340 तेलात हार्ड करून 650 अंशांवर टेंपर केलं तर सुमारे 1000 मेगापास्कल ताकद मिळते, 540 वर सुमारे 1240, 205 वर 1900 च्या आसपास. ताकद घटते तसा चिवटपणा वाढत जातो, हा सरळ सौदा. फक्त 230 ते 370 अंशांच्या पट्ट्यात तो मोडतो. तिथे ताकद तर उतरतेच, वर चिवटपणाही उतरतो. या तापमानाला कार्बाइडच्या पातळ पापड्या मार्टेन्साइटच्या पट्ट्यांच्या कडेने साचतात, आणि हातोड्याचा घाव बसला की तडा त्याच वाटेने धावतो. तुमचा 48 नेमका या खड्ड्याच्या तळाशी आहे.

ग्राहकापुढे तीन पर्याय ठेवा. धक्के खाणारा भाग असेल तर 42-43 वर या आणि गरज पडल्यास माप वाढवा. नुसती झीज सोसायची असेल तर 205 अंशांवर टेंपर करून 52 घ्या, मात्र मग अंगावर एकही तीक्ष्ण कोपरा ठेवायचा नाही. तिसरा पर्याय म्हणजे पोलाद बदला. विमानाच्या लँडिंग गिअरसाठी वापरतात ते 300एम हे खरं तर 4340 च आहे. त्यात सिलिकॉन 1.6 टक्क्यांपर्यंत वाढवलं आणि थोडं व्हॅनेडियम घातलं. सिलिकॉन कार्बाइडला तयार व्हायला उशीर लावतं, त्यामुळे तो खड्डा वरच्या तापमानाकडे सरकतो आणि 300 अंशांच्या आसपास टेंपर करून 1900 मेगापास्कलच्या पुढची ताकद बिनघोर घेता येते. साध्या कामाला हे पोलाद परवडत नाही, हे वेगळं.

12.9 ग्रेडचे बोल्ट गंजू नयेत म्हणून झिंक प्लेटिंग करून घेतले. टॉर्क रेंचने बरोबर आवळले. दुसऱ्या दिवशी सकाळी चार बोल्टांची डोकी जमिनीवर पडलेली! मशीन चालूही केलं नव्हतं.

मशीन चालू न करता, रात्रीत, आवळताना नव्हे तर आवळल्यानंतर. एवढ्या तीन गोष्टी कळल्या की तुटलेला बोल्ट न बघताही मी हायड्रोजनचं नाव घेईन.

12.9 मधला 12 म्हणजे 1200 मेगापास्कल ताकद, आणि .9 म्हणजे त्याच्या 90 टक्क्यांना, 1080 ला, तो कायमचा ताणायला लागतो. असे बोल्ट 4340 किंवा 4140 सारख्याच मिश्रपोलादांचे असतात, हार्डनेस 39 ते 44 एचआरसी. प्लेटिंगच्या आधी ते आम्लात धुतात. आम्ल गंज खातं आणि हायड्रोजन सोडतं. पुढे प्लेटिंगच्या टाकीतही तो सुटतो. हायड्रोजनचा अणू इतका लहान की पोलादाच्या जाळीतून आरपार हिंडतो. वर झिंकचा थर बसला की बाहेर पडायची वाट बंद. बोल्ट आवळला की जिथे ताण सर्वांत जास्त तिथे, म्हणजे डोक्याखालच्या कोपऱ्यात किंवा आट्याच्या पहिल्या वेढ्याशी, तो जमा होतो. मग काही तासांनी किंवा काही दिवसांनी डोकं निखळतं. मऊ पोलादाला याचं फारसं काही वाटत नाही. हार्डनेस जसा 39-40 च्या वर जातो तसा धोका झपाट्याने वाढतो.

तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली बघा. साखरेच्या खड्यांसारखे चमकणारे दाणे दिसतील, तडा दाणे न फोडता त्यांच्यामधल्या सीमांवरून गेलेला असतो. बोल्ट ओढून तुटला असता तर तिथे मान बारीक झाली असती आणि पृष्ठभाग मळकट राखाडी, तंतुमय दिसला असता.

उपाय प्लेटिंगवाल्याशी आधी बोलण्यात आहे. आम्लाऐवजी अल्कलीने किंवा बारीक खड्याच्या माऱ्याने सफाई करायला सांगा. प्लेटिंग झाल्यापासून चार तासांच्या आत बोल्ट 190 ते 220 अंशांच्या ओव्हनमध्ये गेले पाहिजेत आणि तिथे कमीत कमी आठ तास, 12.9 साठी शक्यतो 24 तास राहिले पाहिजेत. पिवळं पॅसिव्हेशन, म्हणजे झिंकवरचा रासायनिक थर, त्यानंतर. आधी पिवळं करून मग भाजले तर तो थर जळतो, म्हणून काही जण भाजणंच वगळतात. आणि मला विचाराल तर 12.9 ला झिंक प्लेटिंग करायचंच कशाला? आम्लाशिवाय बसणारं झिंक फ्लेक कोटिंग आहे, किंवा 10.9 चा एक माप मोठा बोल्ट आहे.

हे फक्त छोट्या बोल्टांत होतं असं समजू नका. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजच्या नव्या पूर्व भागात 2013 च्या मार्चमध्ये भूकंपरोधक जोडांचे 96 दांडे ताणले. तीन इंच जाडीचे, उच्च ताकदीचे, झिंक चढवलेले. थोड्याच दिवसांत त्यातले 32 तुटले. दांडे 2008 साली बनवलेले होते आणि त्यांच्या भोकांत बराच काळ पाणी साचलेलं होतं. तपासात बोट हायड्रोजनकडेच गेलं. म्हणजे हायड्रोजन टाकीतूनच येतो असं नाही, गंजातूनही येतो. ते दांडे बाहेर काढणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांच्या जागी काम करणारी वेगळी पोलादी खोगिरासारखी जोडणी बसवावी लागली.

आमचा ईएन 24 चा शाफ्ट आठ महिन्यांत कीवेपाशी (चावी बसवायच्या खाचेपाशी) तुटला. त्याआधीचा माइल्ड स्टीलचा चार वर्षं चालला होता. फोटो सोबत आहे.

फोटो झकास आहे. तुटलेल्या तोंडाचा दोन-तृतीयांश भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यासारख्या वर्तुळाकार रेघा, आणि उरलेला भाग खडबडीत. त्या सगळ्या रेघा कीवेच्या एका तळकोपऱ्याभोवती फिरतात. तडा तिथे जन्मला, दर फेऱ्याला थोडा थोडा सरकला आणि शेवटी उरलेला तुकडा एका दमात गेला. हा थकव्याचा, म्हणजे फटीगचा भंग. माल वाईट असता तर रेघा इतक्या सुबक उमटल्या नसत्या.

थोडा हिशेब करू. गुळगुळीत पोलादाची थकवा-मर्यादा साधारण ताकदीच्या निम्मी धरतात. 500 च्या माइल्ड स्टीलची 250, 900 च्या ईएन 24 टी ची 450. एंडमिलने कापलेल्या, दोन्ही टोकांना सरळ उभ्या भिंती असलेल्या कीवेमुळे मऊ पोलादात ही मर्यादा सुमारे 1.6 पटीने आणि हार्ड-टेंपर केलेल्यात 2 पटीने घटते, कारण मजबूत पोलाद खाचेला जास्त हळवं असतं. म्हणजे एकीकडे 156 आणि दुसरीकडे 225. ताकद 80 टक्क्यांनी वाढवून हातात 44 टक्के आले. त्यातून लेथच्या टूलचे ओरखडे वजा करा. फोटोत तर कोपऱ्याला रेडियसच दिसत नाही, तो काटकोनात कापला आहे. तिथे उरलेला फायदाही बुडाला.

पुढचा शाफ्ट करताना कीवे साइड अँड फेस कटरने, म्हणजे चाकासारख्या कटरने, कापा. तो टोकाला उतारासारखा हळूहळू वर येतो, तिथे 2 च्या ऐवजी 1.6 ने भागावं लागतं. तळाला रेडियस ठेवा, खांद्याशीही ठेवा आणि टूलचे ओरखडे पॉलिश करून काढा. तेवढ्यावर भागलं नाही तर शॉट पीनिंग करून घ्या. बारीक छर्ऱ्यांच्या माराने पृष्ठभागावर दाब बसतो आणि तडा उघडायलाच तयार होत नाही. जाता जाता एवढंही सांगा, आठ महिन्यांत मोटर बदलली होती का? जुन्या शाफ्टची चार वर्षं आणि नव्याचे आठ महिने एकाच भाराखाली गेले असतील, तरच ही तुलना खरी.

तुटलेला ईएन 24 चा गिअर वेल्ड करू का?

शक्यतो करू नका. कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे वेल्डपाशी तडा जायचा धोका सांगणारा आकडा, काढून बघा: कार्बन 0.40, मँगॅनीजचा सहावा हिस्सा 0.10, क्रोम-मॉलीचा पाचवा 0.30, निकेलचा पंधरावा 0.10. बेरीज 0.90. 0.45 च्या पुढे गेलं की सावध व्हायचं असतं, हे तर त्याच्या दुप्पट आहे. करावंच लागलं तर भाग 300 अंशांपर्यंत तापवून पूर्ण वेळ तेवढाच ठेवा, ओव्हनमध्ये वाळवलेला लो-हायड्रोजन रॉड वापरा आणि थंड होऊ न देता लगेच टेंपरिंगला पाठवा. मूळ टेंपरिंगपेक्षा तापमान थोडं खाली ठेवा. दाताच्या मुळाशी केलेलं वेल्डिंग एवढं करूनही टिकेल, अशी खात्री मी देणार नाही.

रॅकवरचे बार मिसळले आहेत, रंग उडाले आहेत. ईएन 8, ईएन 19, ईएन 24 ओळखायचे कसे? ठिणगीवरून सांगता येतं म्हणतात.

जुने कारागीर सांगतात, आणि ईएन 8 वेगळा काढणं त्यांना जमतंही. पण निकेल-मॉलीच्या बारीक फरकावर ठिणगीच्या भरवशावर शाफ्ट बनवायची हिंमत माझ्यात नाही. हातात धरायची एक्स-रे गन काही सेकंदांत निकेल, क्रोम, मॉली दाखवते. निकेल दीड टक्का दिसलं तर ईएन 24, क्रोम-मॉली आहे पण निकेल नाही तर ईएन 19, काहीच नाही तर ईएन 8 किंवा माइल्ड स्टील. एक लक्षात ठेवा, त्या गनला कार्बन दिसत नाही. 4130 आणि 4140 मधला मुख्य फरकच कार्बनचा, तो तिच्या आवाक्याबाहेर आहे. त्यासाठी ठिणगी पाडून वर्णपट वाचणारा स्पेक्ट्रोमीटर लागतो.

तो नसेल तर भट्टीलाच विचारा. प्रत्येक बारचा 10 मिमीचा काप घ्या, 840 अंशांवर तापवा, तेलात बुडवा आणि वरची काळी पपडी घासून हार्डनेस घ्या. मिश्रपोलादात 50 च्या आसपास थांबला तर कार्बन 0.30 च्या जवळ, 55 च्या पुढे गेला तर 0.40. ओळख पटली की रंग बारच्या दोन्ही टोकांना लावा. सगळे जण रंगाचं टोकच आधी कापून नेतात.